नवा संगणक घेताना जुना प्रोग्रॅम कसा टिकवावा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून दुकानात येणाऱ्या ग्राहकांचा प्रश्न बहुधा एकच असतो, तो म्हणजे संगणक नवा घेऊ, पण आमचा जुना प्रोग्रॅम त्यावर चालेल का? सोलापुरात मार्केट यार्डातील आडत दुकानांत आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतील चादर-टॉवेलच्या कारखान्यांत पंधरा-वीस वर्षांपूर्वी लिहून घेतलेले प्रोग्रॅम आजही रोज चालतात, आणि ते लिहून देणारा मुलगा एव्हाना नोकरीनिमित्त पुण्याला स्थायिक झालेला असतो. हे पत्रक अशा ग्राहकांसाठी आहे.

आधी एक विनंती. नव्या संगणकावर काम सुरळीत चालल्याची खात्री होईपर्यंत जुना संगणक एक्सचेंजमध्ये देऊ नये. त्याच्या बदल्यात मिळणारी रक्कम किरकोळ असते आणि त्यातील हिशेब दुसरीकडे कुठेही नसतो.

प्रोग्रॅम कोणत्या काळातला आहे यावर पुढचे सारे अवलंबून आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये (बिट म्हणजे संगणक एका वेळी किती माहिती हाताळतो त्याचे माप) मिळते, आणि ६४ बिटच्या कोणत्याही विंडोजवर डॉसचे (विंडोजच्या आधीच्या, काळ्या पडद्याच्या प्रणालीचे) किंवा विंडोज ३.१ च्या काळातले १६ बिटचे प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती ते चालवू शकत होती, म्हणून काल-परवापर्यंत फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले काळ्या पडद्यावरचे प्रोग्रॅम बिनतक्रार चालले. त्यात नव्या संगणकाचा दोष नाही. विंडोज एक्सपीच्या काळातले ३२ बिटचे प्रोग्रॅम मात्र बहुतेक वेळा विंडोज ११ वर चालतात, आणि अडलेच तर चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधील कम्पॅटिबिलिटी या भागात जुनी आवृत्ती निवडल्यावर पुष्कळदा काम होते.

या ३२ बिटच्या प्रोग्रॅममध्ये एक खोच आहे, जी वेळीच लक्षात येत नाही. जुने प्रोग्रॅम आपला डेटा स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितात. तो फोल्डर 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये असेल, तर व्हिस्टापासूनचे विंडोज अशा नोंदी गुपचूप त्या-त्या वापरकर्त्याच्या 'व्हर्च्युअल स्टोअर' नावाच्या लपलेल्या फोल्डरकडे वळवू शकते. परिणामी मालकांच्या लॉगिनमध्ये दिसणारी बाकी मुनीमजींच्या लॉगिनमध्ये दिसत नाही, आणि बॅकअप घेतला जातो तो भलत्याच, शिळ्या फाइलचा. म्हणून असे प्रोग्रॅम आम्ही सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डर करूनच बसवतो.

डॉसच्या प्रोग्रॅमसाठी नव्या विंडोजवर डॉसची नक्कल उभी करणारे डॉसबॉक्स किंवा खास व्यावसायिक वापरासाठी केलेले व्हीडॉस वापरता येते. पडदा उघडून जुनी खाती दिसली की ग्राहकाचा जीव भांड्यात पडतो, पण खरी परीक्षा छपाईची असते. कांद्याच्या एका आडत दुकानात आम्ही सगळे बसवून दिले आणि पहिलीच पट्टी (शेतकऱ्याला द्यायची विक्रीच्या हिशेबाची पावती) बिघडली : पिशव्या, वजन आणि भाव एका ओळीत, हमाली-तोलाई दुसऱ्या ओळीत आणि निव्वळ रक्कम फाडायच्या रेषेवर. कारण असे की ८० रकान्यांच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला बारीक अक्षरात छापायला सांगणारा संकेत प्रोग्रॅम पाठवत होता, पण मधला ड्रायव्हर तो गिळून टाकत होता. संकेत जसेच्या तसे प्रिंटरपर्यंत पोचतील अशी जोडणी केल्यावर पट्टी पूर्वीसारखी आली. ही चूक आमची होती. त्या दिवसापासून छापील नमुना जुन्या पट्टीवर ठेवून, उजेडाकडे धरून जुळवल्याशिवाय आम्ही काम पूर्ण झाले असे म्हणत नाही.

वरील दोन्ही उपाय चालले नाहीत, तर जुना संगणक जसा आहे तसाच नव्याच्या पोटात ठेवता येतो. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्रॅममध्ये जुने विंडोज एका खिडकीत चालते. यासाठी नव्या संगणकात किमान ८ जीबी रॅम असावी, असा आमचा अनुभव आहे. मात्र जुन्या संगणकासोबत आलेला विंडोजचा परवाना बहुधा त्याच यंत्रापुरता असतो, हे आधी तपासावे लागते. आतल्या विंडोजला इंटरनेट मुळीच जोडू नये, कारण एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ पासून आणि विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० पासून सर्वसामान्य ग्राहकांसाठी थांबलेली आहे.

जॅकार्डच्या (मागावर विणायच्या नक्षीच्या) डिझाइनचा जुना प्रोग्रॅम प्रिंटरच्या रुंद पोर्टात बसणाऱ्या लॉकवर, म्हणजे जे लावल्याशिवाय प्रोग्रॅम उघडत नाही अशा छोट्या उपकरणावर, चालत असेल, तर आम्ही आधीच हात जोडतो. बाजारात मिळणारी यूएसबीची वायर प्रिंटरपुरती असते. तिच्यावर लॉक सहसा ओळखले जात नाही. अशा वेळी जुनेच यंत्र इंटरनेटविना, फक्त डिझाइनसाठी राखावे आणि त्याच्या हार्ड डिस्कची संपूर्ण प्रत काढून ठेवावी, हाच स्वस्त मार्ग आहे.

जुन्या मराठी फॉन्टमधील पत्रे नव्या संगणकावर इंग्रजी अक्षरांच्या गिचमिडीसारखी दिसतात. तोच फॉन्ट बसवला की ती वाचता येतात. युनिकोडमध्ये (सगळीकडे सारख्याच दिसणाऱ्या आजच्या मराठी लिपीसंकेतात) बदलून घेतल्यास जोडाक्षरे आणि रफार एकदा डोळ्यांखालून घालावेत.

हा बदल मार्चअखेरीस करू नये. एक पूर्ण महिना दोन्ही संगणकांवर नोंदी करून महिनाअखेरची बाकी जुळवावी. दुहेरी काम कंटाळवाणे असते, हे आम्हांला मान्य आहे.

दुकानात येताना जुना संगणक, प्रोग्रॅमची मूळ सीडी असल्यास ती, लॉक, आणि छापलेल्या बिलाचा किंवा पट्टीचा एक स्वच्छ नमुना सोबत आणावा. प्रोग्रॅमचा पासवर्ड ज्यांना ठाऊक आहे, त्यांनाही आणावे.