कास्क ब्रीदरचा वाद आणि बिअरच्या शिफारशीचे निकष : पार्श्वभूमी

कोणत्या पबमध्ये कोणती बिअर चांगली मिळते हे एकमेकांना सांगण्याची ब्रिटिश रसिकांची रीत क्राफ्ट बिअरच्या आजच्या लाटेपेक्षा बरीच जुनी आहे. जाणकारांनी बिअर सुचवताना काय पाहावे, याचे अनेक निकष तिथेच घडले. त्या निकषांवरून झालेल्या वादांत फार काळ रेंगाळलेला वाद एका लहानशा झडपेचा होता. पिंपातून बिअर काढली की तिच्या जागी हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड आत सोडणाऱ्या या झडपेला कास्क ब्रीदर म्हणतात. एप्रिल 2018 मध्ये कॉव्हेंट्री येथे भरलेल्या वार्षिक सभेत तिथल्या रसिकांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने या झडपेला असलेला आपला जुना विरोध सोडून तटस्थ भूमिका घेतली. हा निर्णय कुणाला उशिरा आलेले शहाणपण वाटला, तर कुणाला तत्त्वाशी केलेली तडजोड. या वादाची मुळे अर्धशतकामागे जातात.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत ब्रिटनमधील लहान ब्रुअऱ्या एकामागून एक विकल्या गेल्या आणि 1960 च्या दशकाच्या अखेरीस देशातील बहुतेक बिअर सहा मोठ्या समूहांच्या हातात आली. या समूहांनी गाळलेली, पाश्चराइझ केलेली आणि कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने नळाला येणारी केग बिअर सर्वत्र नेली. ती टिकाऊ होती, तिची वाहतूक सोपी होती, आणि ती सांभाळायला कौशल्य लागत नव्हते. मात्र जिच्यात जिवंत यीस्ट असते आणि जी पबच्या तळघरातच पूर्ण तयार होते, ती पिंपातली बिअर त्यामुळे मागे पडू लागली. 1963 मध्ये सरे परगण्यातील एप्सम येथे काही शौकिनांनी एक मंडळ स्थापन केले आणि बिअर लाकडी पिंपातलीच हवी असा आग्रह धरला. पिंप लाकडाचे आहे की धातूचे, याने चवीत पडणारा फरक त्या काळीही फारसा नव्हता, कारण अनेक ब्रुअऱ्या पिंपांना आतून अस्तर लावत असत. तरीही रसिकांचा आग्रह चवीपेक्षा भांड्यावर आणि पद्धतीवर येऊन ठरतो, याचे ते पहिले ठळक उदाहरण म्हणता येईल.

मार्च 1971 मध्ये आयर्लंडच्या केरी परगण्यात सुटीवर गेलेल्या चार इंग्लिश तरुणांनी नवी संघटना काढली; पुढे ब्रीदरला विरोध करणारी ती हीच. 1972 मध्ये तिने सभासदांसाठी शिफारस केलेल्या पबची काही पानांची यादी काढली आणि 1974 मध्ये ती पुस्तकरूपाने बाजारात आणली. या पहिल्या छापील आवृत्तीत एका बड्या ब्रुअरीच्या नावापुढे, तिची बिअर प्लेगसारखी टाळा, एवढाच सल्ला दिला होता. अब्रुनुकसानीच्या दाव्याच्या भीतीने प्रकाशकाने छापलेल्या प्रती मागे घेतल्या आणि मजकूर सौम्य करून, काहीही झाले तरी टाळा, असा केला. या प्रकरणाला मिळालेल्या प्रसिद्धीने पुस्तकाचा फायदाच झाला. काय प्यावे यासोबत काय पिऊ नये हेही स्पष्ट शब्दांत सांगण्याची सवय रसिकांना तेव्हापासून लागली, आणि ही सवय मला त्या चळवळीची मोठी देणगी वाटते.

शिफारस करायची तर तिला पात्र कोण हे आधी ठरवावे लागते. संघटनेने 1970 च्या दशकात आपली व्याख्या पक्की केली. तिच्यात तीन अटी होत्या : बिअर पारंपरिक घटकांपासून केलेली असावी, ज्या भांड्यातून ती वाढली जाते त्याच भांड्यात तिचे दुसरे किण्वन झालेले असावे, आणि ती वाढताना बाहेरचा कार्बन डायऑक्साइड वापरलेला नसावा. पहिल्या दोन अटींवर फारसा वाद झाला नाही. पुढची सगळी भांडणे तिसऱ्या अटीतून निघाली.

ती अट समजण्यासाठी तळघरात काय घडते ते पाहावे लागते. पबमध्ये नेहमी येणारे पिंप 9 गॅलनचे, म्हणजे 72 पाइंटचे असते. ते फळीवर आडवे ठेवून, न हलवता, बारा अंशांच्या आसपासच्या तापमानात मुरू देतात. पिंपाच्या वरच्या कुशीला एक बूच असते. त्याच्या मधोमध भोक पाडून त्यात मऊ, सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकतात, आणि आत साठलेला जादा वायू त्या खुंटीतून फेसाच्या रूपाने बाहेर पडतो. फेस येण्याचा वेग मंदावला की मऊ खुंटी काढून तिथे टणक लाकडाची खुंटी बसवतात, म्हणजे उरलेला वायू बिअरमध्येच राहतो. माशाच्या वाताशयापासून केलेल्या पदार्थाच्या साहाय्याने यीस्ट तळाशी बसते आणि बिअर निवळते. मग नळ ठोकून ती हॅण्डपंपाने वर ओढायची. विक्री सुरू असताना टणक खुंटी काढून ठेवावी लागते, कारण जितकी बिअर बाहेर जाईल तितकी हवा आत शिरली नाही तर पंप ओढताच येत नाही. ही हवाच पुढे बिअर बिघडवते. पहिल्या दिवशी तिच्या स्पर्शाने चव थोडी मोकळी होते, पण तिसऱ्या दिवसानंतर बिअर शिळी लागू लागते आणि पुढे तिला आंबूस, सिरक्यासारखा वास येतो. ज्या पबमध्ये एका बिअरचे दिवसाला पंचवीस पाइंट खपतात तिथे पिंप वेळेत संपते. जिथे दहाच खपतात तिथे निम्म्याहून अधिक बिअर खराब होते किंवा खराब झालेली असतानाच ग्राहकाच्या हातात जाते.

कास्क ब्रीदर नेमका या अडचणीवर आला. वायूचा सिलिंडर आणि पिंप यांच्यामध्ये बसवलेली ही झडप, जेवढी बिअर काढली तेवढ्याच आकारमानाचा कार्बन डायऑक्साइड वातावरणाच्या दाबाने पिंपात सोडते. केगप्रमाणे ती बिअरवर दाब देत नाही, त्यामुळे जास्तीचा वायू बिअरमध्ये विरघळत नाही. आत हवा जात नसल्याने पिंप आणखी काही दिवस चांगले राहते. पण वायू बाहेरूनच आलेला असतो, आणि व्याख्येतील तिसरी अट शब्दशः वाचली तर ती मोडतेच. संघटनेने अट शब्दशः वाचली. ब्रीदर वापरणाऱ्या पबला शिफारशीच्या पुस्तकापासून दूर ठेवण्याचे धोरण त्यामुळे वर्षानुवर्षे चालू राहिले.

विरोध करणाऱ्यांची बाजू निव्वळ हटवादाची नव्हती. 1970 च्या दशकात अनेक पबचालक पिंपातल्या बिअरवर वायूचा हलका दाब ठेवत आणि ती पारंपरिक बिअर म्हणून विकत. अशा बिअरला केगसारखा बोचरेपणा यायचा. ब्रीदरला परवानगी दिली तर झडपेची जागा हळूहळू पुन्हा दाबच घेईल आणि ग्राहकाला ते कधी कळणारही नाही, ही भीती खरी होती. शिवाय हवेच्या थोड्या संपर्काने चवीला जी खोली येते ती वायूच्या आवरणाखाली येत नाही, असेही त्यांचे म्हणणे होते. त्याबरोबर त्यांचा एक व्यवहारी मुद्दाही होता : पिंप वेळेत खपत नसेल तर पबने बिअरचे प्रकार कमी करावेत किंवा साडेचार गॅलनचे लहान पिंप मागवावे, यंत्र कशाला हवे?

या युक्तिवादात मला दोन उणिवा दिसतात. पहिली स्कॉटलंडची. तिथे पूर्वापार उंच स्तंभाकृती नळांतून, पंपाने दाबलेल्या हवेच्या जोरावर बिअर वर आणत. दाब होता, पण तो हवेचा असल्यामुळे तिसऱ्या अटीला बाध येत नव्हता आणि ती पद्धत मान्य झाली. म्हणजे बिअरवर दाब देणारी हवा चालली आणि दाब न देणारा वायू चालला नाही. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे, कारण तिचा भार लहान पबांवर पडला. शहरातल्या गजबजलेल्या पबला ब्रीदरची गरजच नव्हती. गरज होती ती सोमवार ते गुरुवार मोजकेच गिऱ्हाईक असणाऱ्या खेड्यातल्या पबला, आणि पुस्तकात नाव येण्याचा उपयोगही त्यालाच सर्वाधिक होता, कारण वाट वाकडी करून येणारा रसिक ते पुस्तक पाहूनच येत असे. प्रामाणिकपणे ब्रीदर असल्याचे सांगणारा पबचालक यादीबाहेर राहायचा, तर चौथ्या दिवसाची उतरलेली बिअर नियमानुसार वाढणारा पात्र ठरायचा. तळघरात काय आहे हे बहुधा पबचालकाच्या सांगण्यावरूनच कळत असल्याने सत्य लपवणाऱ्याचेही फावत असे.

सरकारच्या 1989 च्या आदेशाने ही अडचण नकळत वाढवली. दोन हजारांहून अधिक पब असलेल्या ब्रुअऱ्यांना त्या मर्यादेवरच्या पबांपैकी निम्मे पब फक्त आपलीच बिअर विकण्याच्या बंधनातून मोकळे करावे लागले, आणि त्यांच्या पबचालकांना बाहेरच्या ब्रुअरीची एक पिंपातली बिअर ठेवण्याचा हक्क मिळाला. पुढे 2002 मध्ये लहान ब्रुअऱ्यांना करसवलत मिळाली आणि त्यांची संख्या झपाट्याने वाढली. रसिकांच्या दृष्टीने हा सुकाळ होता. पण ज्या पबमध्ये पूर्वी दोन हॅण्डपंप असत तिथे सहा आणि आठ दिसू लागले, गिऱ्हाईक मात्र तेवढेच राहिले. प्रत्येक पिंप संपायला लागणारा वेळ वाढला, आणि निवड वाढत असताना ग्लासातल्या बिअरचा दर्जा घसरत गेला.

याच काळात संघटनेच्या स्थानिक शाखांनी पबची निवड करण्यासाठी शून्य ते पाच अशी गुण देण्याची पद्धत रूढ केली. पिंपातली बिअर उपलब्धच नसेल किंवा संपवता येणार नाही इतकी वाईट असेल तर शून्य, सामान्य असेल तर दोन, चांगली असेल तर तीन, आणि निर्दोष असेल तर पाच. गुण देणाऱ्याने आपली आवडनिवड बाजूला ठेवावी आणि बिअर कोणत्या अवस्थेत मिळाली एवढेच पाहावे, अशी अपेक्षा असते. ही शिस्त फार मोलाची आहे. अमेरिकेतून आलेल्या मूल्यमापनाच्या रीतीत गुण बिअरच्या शैलीला, कल्पकतेला आणि दुर्मीळपणाला मिळतात. तिथे पबचालकाच्या हातच्या कामाला जागा फारशी नसते. ब्रिटिश पद्धतीत ती आहे. विसंगती एवढीच होती, की ग्लासातली बिअर पाच गुणांची असली तरी तिच्यामागे ब्रीदर असल्याचे कळताच ते गुण निरुपयोगी ठरत.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर तरुण ब्रुअऱ्यांनी तीव्र हॉप्सच्या (कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांच्या) बिअर जाणीवपूर्वक केगमधून विकायला सुरुवात केली. या केगमधली बिअर बहुधा पाश्चराइझ केलेली नव्हती आणि 1970 च्या केगशी तिचे साम्य केवळ भांड्यापुरते होते. 2011 मध्ये संघटनेच्या लंडनमधील मोठ्या उत्सवात एका स्कॉटिश ब्रुअरीला केगमधून बिअर देता येईल का यावरून जाहीर भांडण झाले आणि तिचा स्टॉल लागलाच नाही. 2015 मध्ये आतल्या पिशवीत बिअर आणि पिशवीबाहेर वायू अशा रचनेच्या केगमधली, जिवंत यीस्टची बिअर मान्य करण्यात आली, कारण तिथे वायूचा बिअरला स्पर्श होत नाही. तिसऱ्या अटीचा अर्थ लावण्याचे काम अशा रीतीने तपशिलाच्याही तपशिलात शिरत गेले.

2016 मध्ये मूळ चार संस्थापकांपैकी एकाच्या अध्यक्षतेखाली संघटनेच्या उद्दिष्टांचा फेरविचार सुरू झाला. 2018 च्या सभेपुढे आलेल्या विशेष ठरावांना 75 टक्के मते आवश्यक होती. सर्व प्रकारची बिअर पिणाऱ्यांचे प्रतिनिधित्व करावे हा मुख्य ठराव 72 टक्क्यांवर अडला, इतर संमत झाले. प्रसिद्धी या पराभवालाच मिळाली. त्याच सभेत साध्या ठरावाने ब्रीदरविषयी तटस्थता स्वीकारली गेली त्याची चर्चा तुलनेने कमी झाली, पण पबच्या रोजच्या व्यवहारावर परिणाम करणारा निर्णय तोच होता. त्यानंतर ब्रीदर आहे म्हणून पब अपात्र ठरत नाही. निवड करायची की नाही हे शाखेचे सभासद चवीवरून ठरवू शकतात.

मराठी रसिकांना हा वाद दूरचा वाटणे साहजिक आहे. पुण्यात 2009 मध्ये महाराष्ट्रातील पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाल्यापासून आपल्याकडे मिळालेली क्राफ्ट बिअर बहुतेक करून थंड टाकीतून किंवा केगमधून, दाबाखालीच नळाला येते. आपल्या हवामानात नैसर्गिकरीत्या बारा अंशांचे तळघर मिळत नाही. म्हणून आपल्याकडची शिफारस बिअरच्या शैलीवर आणि ब्रुअरच्या हातावर बेतलेली असते, आणि ब्रिटनला गेलेला पुणेकर पिंपातली बिअर पहिल्यांदा पितो तेव्हा ती कोमट आणि मिळमिळीत म्हणून नापसंत करतो. ती तशी का असते हे कळले तर त्याच पाइंटकडे तो अधिक न्यायाने पाहू शकेल.

मार्च 2020 मध्ये साथीमुळे पब बंद झाले तेव्हा उघडलेली पिंपे ओतून द्यावी लागली, आणि पब पुन्हा उघडल्यावर कमी गिऱ्हाइकांच्या दिवसांत पिंपातली बिअर ठेवणे अनेकांना परवडेनासे झाले. ब्रीदरचा वापर आता उघडपणे सुचवला जातो. 2024 मध्ये मात्र एका बड्या ब्रुअरीने केगमधली, उघडल्यावर दोन आठवडे टिकणारी बिअर हॅण्डपंपातून देण्याची योजना आणली. हॅण्डपंप म्हणजे पिंपातली बिअर ही ग्राहकाची समजूत असल्याने यात त्याची दिशाभूल होते, असा आक्षेप संघटनेने घेतला. हा आक्षेप मला योग्य वाटतो. ब्रीदरमागे खरोखरच पिंप असते आणि त्यात बिअर मुरलेली असते, तर या योजनेत हॅण्डपंपामागे पिंपच नसते.