गंधकाचा वायू, ताजमहाल आणि दहा किलोमीटरचं वर्तुळ

नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा, पूर्वेला भंडारा रस्त्यावर मौदा. या तीन औष्णिक वीज केंद्रांची क्षमता मिळून साडेपाच हजार मेगावॉटच्या वर जाते. कोराडीच्या आसपासच्या गावांत या केंद्रांचा विषय निघाला की आधी राखेचं बोलणं होतं. तुळशीच्या पानांवर बसणारी राख, वाळत घातलेल्या कपड्यांवरची राख, आणि जुलै २०२२मध्ये खसाळ्याच्या राख तलावाचा बंधारा फुटून शेतांत आणि नाल्यांत शिरलेली राख. ती डोळ्यांना दिसते, बोटाला लागते, तहसीलदाराला दाखवता येते. कोळशातल्या गंधकाचं तसं नाही. तो चिमणीतून वायू होऊन निघून जातो. सरकारने जुलै २०२५मध्ये देशातल्या बहुतेक औष्णिक केंद्रांना याच न दिसणाऱ्या वायूच्या मर्यादेतून मोकळं केलं, आणि नागपुरात या मोठ्या निर्णयाची म्हणावी तशी चर्चा झाली नाही.

आधी हिशेब पाहू. ६६० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालला तर सुमारे १ कोटी ५८ लाख युनिट वीज तयार होते. त्यासाठी ढोबळमानाने १०,००० टन कोळसा जळतो. भारतीय कोळशात राख भरपूर, पण गंधक कमी, साधारण अर्धा टक्का. म्हणजे दिवसाला ५० टन गंधक. जळताना गंधकाचा एक अणू ऑक्सिजनचे दोन अणू घेतो, आणि त्या दोघांचं वजन गंधकाच्या एका अणूइतकंच असतं. त्यामुळे ५० टन गंधकाचा १०० टन सल्फर डायऑक्साइड होतो. ‘आपल्या कोळशात गंधक कमीच आहे’ हे म्हणणं खरं आहे. पण कोळसा इतका जळतो की कमी टक्क्यांचंही रोज शंभर टनांचं ओझं होतं, आणि तेही एका संचाचं. कोराडीत असे तीन संच आहेत.

या वायूचं पुढे काय होतं, त्यावर सगळा वाद उभा आहे. त्याचा बराचसा भाग जमिनीवर, पिकांवर, पाण्यावर उतरतो. उरलेला वायू हवेत असतानाच बदलत जातो. उन्हामुळे हवेत तयार होणारे अतिक्रियाशील रेणू त्याला हळूहळू सल्फ्युरिक आम्लात बदलतात. हा वेग तासाला सुमारे एक टक्का, म्हणजे सावकाश. ढग किंवा धुकं असेल तर वायू पाण्याच्या थेंबात विरघळतो आणि तेच काम कितीतरी लवकर उरकतं. मग या आम्लाला अमोनिया भेटतो. तो येतो शेतात टाकलेल्या युरियातून आणि गोठ्यातून, म्हणजे विदर्भात त्याला तोटा नाही. दोन्ही मिळून अमोनियम सल्फेटचा घन कण तयार होतो, अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, फुप्फुसात खोलवर जाणारा. त्याचं वजन मूळ वायूच्या दुपटीहून थोडं जास्त भरतं. चिमणीतून निघाला तेव्हा तो वायू होता, श्वासात आला तेव्हा कण झालेला असतो. हवा मोजणाऱ्या यंत्राच्या नोंदीत तो आता ‘सल्फर डायऑक्साइड’ या रकान्यात दिसत नाही, ‘पीएम २.५’ या रकान्यात दिसतो.

या बदलाला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात वारा थांबलेला नसतो. सल्फर डायऑक्साइड हवेत साधारण एक-दोन दिवस टिकतो, सल्फेटचे कण त्याहून कितीतरी जास्त. ताशी दहा किलोमीटरचा मंद वारा धरला तरी दिवसभरात २४० किलोमीटर अंतर होतं. हिवाळ्यात नागपुरात वारा बहुधा उत्तरेकडून आणि ईशान्येकडून येतो, म्हणजे कोराडी आणि मौद्याच्या बाजूने. त्याच दिवसांत थंड हवा जमिनीलगत अडकून राहते. आणि आपल्याकडच्या चिमण्या काय फक्त आपल्याच डोक्यावर सोडतात? त्यांचा माल छत्तीसगडपर्यंत, तेलंगणापर्यंत जाऊ शकतो, आणि तिकडचा आपल्याकडे येऊ शकतो.

उंच चिमणी हा उपाय म्हणून जगाने करून पाहिला आहे. आपल्याकडे ५०० मेगावॉट आणि त्यावरच्या संचाला २७५ मीटर उंचीची चिमणी लागते. जवळच्या गावात वायूचं प्रमाण त्यामुळे खरोखर कमी होतं. ब्रिटनमध्येही उंच चिमण्यांनी शहरांतला वायू कमी झाला, पण १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वांते ओडेन यांनी दाखवलं की स्कँडिनेव्हियातली तळी आणि जंगलं ज्या आम्ल पावसाने बिघडत होती, त्याचं गंधक ब्रिटन आणि मध्य युरोपातून येत होतं. त्यातूनच पुढे १९७९चा जिनिव्हा करार झाला, देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या हवा प्रदूषणावरचा पहिला मोठा आंतरराष्ट्रीय करार. उंची वाढवल्याने गंधक कमी होत नाही, फक्त लांब जातं, हा प्रश्न विज्ञानात तेव्हाच मिटला.

आता आपल्या कायद्याकडे येऊ. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ७ डिसेंबर २०१५ रोजी औष्णिक केंद्रांसाठी पहिल्यांदा सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घालून दिली. दोन वर्षांत पालन करायचं होतं. मुदत वाढत गेली. २०२१मध्ये केंद्रांचे तीन गट पाडले: दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आतली केंद्रं पहिल्या गटात, अतिप्रदूषित क्षेत्रापासून किंवा हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरापासून १० किलोमीटरच्या आतली दुसऱ्यात, बाकी सगळी तिसऱ्यात. ११ जुलै २०२५च्या अधिसूचनेने तिसऱ्या गटाला, चिमणीच्या उंचीचा निकष पाळण्याच्या अटीवर, या मर्यादेतून मोकळं केलं. देशातले तीन-चतुर्थांशांहून अधिक संच या गटात येतात. दुसऱ्या गटाचा निर्णय एकेका केंद्रापुरता समिती घेणार, आणि पहिल्या गटाला ३१ डिसेंबर २०२७पर्यंत मुदत.

नागपूर दहा लाखांवरचं शहर, त्यामुळे पहिल्या गटाचं वर्तुळ आपल्याभोवती पडतं. मौद्यापर्यंत ते पोचत नाही. पण मौद्याहून निघालेला वायू नागपूरच्या हवेत येऊन कण होऊ शकतो, आणि कोराडीचा वायू १० किलोमीटरच्या आत बहुतांशी वायूच असतो. कण व्हायचं काम त्या अंतराच्या पलीकडे होतं. ज्या अंतरावर नियम लागू केला, त्याच अंतरावर हा धोका सर्वांत कमी दिसतो. माझा आक्षेप इथे आहे.

या संदर्भात ताजमहालाचा खटला आठवणं भाग आहे, कारण त्यातही नागपूर आहे. ॲड. एम. सी. मेहता यांनी १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि ३० डिसेंबर १९९६ रोजी निकाल आला. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. गंधकाच्या आम्लाने त्याचं जिप्सम होतं आणि पृष्ठभाग पिवळा पडून झिजतो. न्यायालयासमोर जे वैज्ञानिक अहवाल होते, त्यांत नागपूरच्या वर्धा रोडवरच्या नीरीचे, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे अहवाल होते. कोळसा-कोक जाळणाऱ्या कारखान्यांनी नैसर्गिक वायूवर जावं, नाहीतर तिथून हलावं, असा आदेश झाला. संरक्षित क्षेत्र ठरलं सुमारे १०,४०० चौरस किलोमीटरचं. दहा किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस किलोमीटर भरतं. एका इमारतीच्या संगमरवरासाठी आखलेलं क्षेत्र, पंचवीस लाखांच्या शहरासाठी आखलेल्या वर्तुळाच्या तेहतीस पट आहे.

त्या निकालात आणखी एक गोष्ट आहे, कायद्याच्या अभ्यासकांना ती फार मोलाची वाटते. आपल्या कोळशाने अपाय होत नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी न्यायालयाने उद्योगांवर टाकली. चामडे कारखान्यांच्या प्रदूषणावरच्या, त्याच वर्षीच्या वेल्लोर खटल्यातलं हे खबरदारीचं तत्त्व: अपायाची पक्की खात्री नसली तरी आधीच आवर घालायचा. २०२५च्या निर्णयामागचा विचार याच्या उलट दिशेने जातो. नीरी, आयआयटी दिल्ली आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेच्या अभ्यासांचा त्यात आधार घेतला आहे. शहरांच्या हवेतला सल्फर डायऑक्साइड ८० मायक्रोग्रॅमच्या चोवीस तासांच्या मर्यादेपेक्षा पुष्कळ कमी आहे, आणि केंद्रांमुळे होणाऱ्या सल्फेटचा पीएम २.५मधला वाटा लहान आहे, असं सरकारचं म्हणणं. पहिलं विधान मोजमापाने खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण ते वायूबद्दल आहे, कणांबद्दल नाही. दुसऱ्या विधानावर अभ्यासकांत खरा मतभेद आहे. इतर संशोधकांच्या गणितात हा वाटा बराच मोठा निघतो. कोणतं वारं धरलं, ढगातली रासायनिक क्रिया किती धरली, एका केंद्राचा परिणाम पाहिला की देशभरच्या सगळ्यांचा एकत्र, यावर उत्तर बदलतं. अशा वेळी शंकेचा फायदा कोणाला द्यायचा हा प्रश्न विज्ञान सोडवत नाही. तो कायद्याचा आणि राजकारणाचा प्रश्न आहे, आणि १९९६मध्ये त्याचं उत्तर स्पष्ट दिलेलं होतं.

वायू धुऊन काढणाऱ्या यंत्रणेला केंद्रांत सगळे एफजीडी म्हणतात. चिमणीकडे जाणारा वायू एका उंच मनोऱ्यातून नेतात आणि त्यावर पाण्यात कालवलेल्या चुनखडीच्या भुकटीचे फवारे मारतात. चुनखडीही कॅल्शियम कार्बोनेटच. ताजमहालाच्या भिंतीवर जे नको होतं, तेच इथे मनोऱ्यात मुद्दाम घडवून आणतात: गंधक कार्बोनेटला भिडतं आणि जिप्सम बनून खाली बसतं. ९० टक्क्यांहून अधिक गंधक असं पकडता येतं. शंभर टन वायूसाठी साधारण १६० टन चुनखडी लागते आणि २७० टनांच्या आसपास जिप्सम निघतं, जे सिमेंट कारखान्यांना चालतं. चुनखडी आणि सिमेंट कारखाने दोन्ही चंद्रपूर-वणीकडे आहेत.

खर्च मात्र मोठा आहे, आणि तो शेवटी वीजबिलात येतो. पाणी लागतं. केंद्राची स्वतःची वीज एक-दीड टक्का जास्त खर्च होते, शिवाय चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड सुटतो. यामुळे तापमानवाढ वाढेल असा एक आक्षेप आहे. त्याचाही हिशेब करता येतो. शंभर टन वायू पकडताना सुमारे ७० टन कार्बन डायऑक्साइड सुटतो, तर तोच संच कोळसा जाळून दिवसाला पंधरा हजार टनांच्या आसपास सोडतो. जास्तीची वीज धरली तरी वाढ दोन टक्क्यांच्या घरात राहते. सल्फेटचे कण ऊन परतवून हवा थोडी थंड ठेवतात हेही खरं आहे. पण ते कण काही दिवसांत खाली येतात आणि कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो. त्या थोड्याशा थंडाव्यासाठी लोकांनी आम्लाचे कण श्वासात घ्यावेत, हे मला कुठल्याच हिशेबात पटत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये सुभाष कुमार खटल्यात स्वच्छ हवा-पाण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१मधल्या जगण्याच्या हक्कात मोडतो असं म्हटलं. मार्च २०२४मध्ये, माळढोक पक्ष्याच्या खटल्यात, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्कही मान्य केला. हक्क कागदावर आहेत. ते वापरायला मोजमाप लागतं, आणि नेमकं तेच अपुरं आहे. पीएम २.५ मोजताना सहसा एकूण वजन कळतं. त्या फिल्टरवर जमलेल्या धुळीत सल्फेट किती, अमोनियम किती, काजळी किती, हे कळायला तो फिल्टर प्रयोगशाळेत पाण्यात विरघळवून आयन मोजावे लागतात. ही तपासणी अवघड नाही. ती नागपुरात वर्षभर, हिवाळ्यात तर रोज, व्हायला हवी आणि तिचे आकडे लोकांसमोर यायला हवेत.

कोराडीत ६६० मेगावॉटच्या आणखी दोन संचांचा प्रस्ताव आला. त्यांची जनसुनावणी मे २०२३मध्ये झाली. अशा प्रकल्पांच्या पर्यावरण आघात अहवालातही अभ्यासक्षेत्र सहसा १० किलोमीटरचंच धरलं जातं. म्हणून पुढच्या कुठल्याही सुनावणीआधी अहवालाचा मराठी सारांश मिळवा, तो देणं बंधनकारक आहे. त्यात हवेवरचं प्रकरण उघडून तीन गोष्टी शोधा: वायूपासून होणारे कण मोजले आहेत का, अभ्यास किती किलोमीटरपर्यंत केला आहे, आणि जवळच्या इतर केंद्रांचा भार त्यात धरला आहे का. उत्तर सापडलं नाही तर तोच प्रश्न सुनावणीआधी लेखी निवेदनात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्या आणि पोच घ्या. सुनावणीतले आक्षेप इतिवृत्तात नोंदवावे लागतात, आणि प्रकल्पकर्त्याला अंतिम अहवालात त्यांचं उत्तर द्यावं लागतं.