सुट्ट्या पैशांत सापडणाऱ्या जुन्या नोटा

किराणावाला, रिक्षावाला, भाजीवाली, एसटीचा कंडक्टर यांच्याकडून परत आलेल्या सुट्ट्यांत अधूनमधून एखादी अशी नोट येते जी नोटा जमवणाऱ्याला हवी असते. म्हणजे छापणं बंद झालेली, वेगळ्या सहीची, खास नंबरची नाहीतर छपाईत फसलेली. नोट जुनी म्हणजे महाग असा सर्वसाधारण समज आहे, पण भाव वयावर कमी आणि सही, नंबर अन् कोरेपणा यावर जास्त ठरतो.

नोटेचं वय काढणं हेच मुळात किचकट काम आहे. रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर मागच्या बाजूला खाली छपाईचं वर्ष यायला लागलं ते २००५ पासून, त्याआधीच्या नोटेवर वर्षच नसतं, मग गव्हर्नरची सही बघून काळ ठरवायचा, आणि तोही अंदाजेच, कारण सहीवरून त्या माणसाची कारकीर्द कळते, छपाईचं नेमकं साल नाही. सी. डी. देशमुख (महाडजवळच्या नाते गावचे, पहिले भारतीय गव्हर्नर) यांची सही म्हणजे साधारण १९४३ ते १९४९, एवढंच म्हणता येतं. याउलट बी. एन. आडारकर १९७० मध्ये मे-जूनचे जेमतेम सहा आठवडे गव्हर्नर होते, तरी गांधी जन्मशताब्दीच्या नोटांवर त्यांची सही आहे. या मालिकेत बसलेले गांधीजी आणि मागे सेवाग्रामचा आश्रम असं चित्र आहे. मालिकेवर त्यांच्या आधीचे गव्हर्नर एल. के. झा यांचीही सही मिळते आणि आडारकरांची नोट साधारणपणे जास्त भावाने जाते. तिसरं मराठी नाव के. जी. आंबेगावकर, ते १९५७ मध्ये जानेवारी-फेब्रुवारीत गव्हर्नर होते पण गव्हर्नर म्हणून एकाही नोटेवर त्यांची सही नाही, आणि तरी त्यांच्या सहीची नोट आहे! ती एक रुपयाची, आधी अर्थखात्यात सचिव असताना केलेली.

एक रुपयाच्या नोटेचं प्रकरणच वेगळं. ती रिझर्व्ह बँकेची नव्हे, भारत सरकारची. तिच्यावर गव्हर्नरची नाही तर अर्थसचिवांची सही असते, 'धारक को अदा करने का वचन' नसतं, आणि १९४० च्या वटहुकुमामुळे कायद्याने ती नाण्यासारखीच धरली जाते. ती पहिल्यांदा आली ३० नोव्हेंबर १९१७ ला. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली हे कारण बहुतेक ठिकाणी दिलेलं असतं आणि ते पटण्यासारखं आहे. १९२६ मध्ये बंद, १९४० मध्ये पुन्हा सुरू, १९९४ मध्ये छपाई परत थांबली, २०१५ मध्ये परत चालू. यातली सुट्ट्यांत अजून कधीमधी दिसते ती बंद होण्याआधीच्या वर्षांतली, मागे समुद्रात तेलविहीर खणणारा 'सागर सम्राट' हा मंच असलेली, म्हणजे आपलं मुंबईच्या समुद्रातलं तेलक्षेत्र बॉम्बे हाय. २०१५ नंतरच्या कोऱ्या गड्ड्या मात्र हातात येतात त्या आहेराच्या पाकिटांसाठी नाहीतर नोटांच्या हारांसाठी जादा पैसे मोजून, सुट्ट्यांत नाही.

स्टार नोट म्हणजे नंबरच्या आधीची अक्षरं आणि आकडे यांच्या मध्ये चांदणी असलेली. पूर्वी छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी त्याच नंबरची दुसरी छापून गड्डी सलग ठेवायचे, २००६ पासून १०, २० आणि ५० च्या नोटांत त्याऐवजी चांदणीवाली टाकायला लागले, पुढे १०० ची आणि २०१६ च्या डिसेंबरात नव्या ५०० चीही आली. ही नोट खोटी आहे अशी अफवा उठली म्हणून २०२३ च्या जुलैत रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला. नंबराच्या मागे फिकट छापलेलं इनसेट अक्षर कोणत्या छापखान्याचं (नाशिक, देवास, म्हैसूर, सालबोनी) हे सांगणारे तक्ते संग्राहकांत फिरतात. रिझर्व्ह बँक मात्र फक्त असं अक्षर असतं किंवा नसतंही एवढंच म्हणते, त्यामुळे तक्ते जपून वापरलेले बरे.

७८६ चं वेड सगळ्यात जास्त. बिस्मिल्लाच्या अक्षरांची अब्जद पद्धतीने (प्रत्येक अरबी अक्षराला ठरलेला आकडा धरून) बेरीज ७८६ येते म्हणून हा नंबर शुभ मानतात, मुसलमानच नाही, बाकीचेही ठेवतात पाकिटात. पण साधा हिशोब आहे, दहा लाख नोटांच्या एका मालिकेत शेवटी ७८६ असलेल्या १००० नोटा निघतात. दुर्मिळ म्हणायची तर ७८६७८६, ती एकच.

सुट्ट्यांत असं काही सापडणं कमी झालंय. १९९९ च्या क्लीन नोट धोरणानंतर बँकेत परत गेलेली मळकी नोट मशीनमधून जाते आणि तुकडे होऊन संपते. २०१४ मध्ये २००५ च्या आधीच्या नोटा चलनातून काढायचं जाहीर झालं, तेव्हा उरलेल्याही बऱ्याच गेल्या (५०० आणि १००० सोडल्या तर त्या आजही कायदेशीर आहेत). त्यात आता यूपीआय. आधीच्या काळी बँका गड्डीला स्टेपलर मारायच्या, ते २००१ च्या सुमारास बंद झालं, म्हणून त्याआधीच्या अगदी करकरीत नोटेलाही डाव्या बाजूला पिनेची भोकं असतात आणि जाणकार ती दोष म्हणून फारशी धरत नाहीत. इस्त्री केलेली किंवा धुतलेली नोट मात्र लगेच ओळखू येते आणि भाव पडतो.

८ नोव्हेंबर २०१६ ला रद्द झालेल्या ५०० आणि १००० च्या नोटा ठेवायला मर्यादा आहे, २०१७ च्या कायद्याने एकूण १०, अभ्यास किंवा संग्रहासाठी २५. 'जुनी नोट द्या, लाखो घ्या' छाप जाहिराती आणि त्यांत आधी मागितलेलं कमिशन नाहीतर टॅक्स, याबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये सावध केलं होतं. खरा भाव बघायचा तर पुण्याच्या जुन्या बाजारात चार जणांना विचारावं, आकडा बराच खाली येतो.

मराठवाड्यात निजामाच्या हैदराबाद संस्थानच्या नोटा चालायच्या, त्यांवर मराठीही होती. गोव्यात बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेच्या. या दोन्ही आता घरच्या ट्रंकेत निघतात, सुट्ट्यांत नाही.