क्ले बार: पहिल्यांदाच वापरणाऱ्यांसाठी

गाडी नुकतीच धुवून पुसली आहे, लांबून छान चमकतेय. आता बॉनेटवरून सावकाश तळहात फिरवा. हाताला काचेसारखं गुळगुळीत लागायला हवं, पण पुष्कळदा बारीक रव्यावरून हात फिरवल्यासारखं लागतं. हा रवा शाम्पूने जात नाही, कारण तो रंगाच्या वरच्या थरात रुतून बसलेला असतो. तो उपटून काढायचं साधन म्हणजे क्ले बार.

आमच्याकडून क्ले नेलेल्यांपैकी काही ग्राहक थोड्याच दिवसांत गाडीवर बारीक ओरखडे घेऊन परत येतात. विचारलं की बहुतेक वेळा दोनच कारणं निघतात: कोरडं घासलं, नाहीतर खाली पडलेला तुकडा उचलून पुन्हा वापरला. डबीवरच्या सूचना इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत असतात, त्या कोण वाचणार? म्हणून हे पत्रक.

रुतलेलं असतं काय?

सगळ्यात जास्त लोखंड. ब्रेक लागला की डिस्क आणि पॅड झिजतात, त्यांचे तापलेले कण उडून रंगावर चिकटतात आणि पुढे पाण्याने गंजतात. पांढऱ्या गाडीच्या खालच्या भागावर आणि डिकीच्या दारावर केशरी टिपके दिसतात ते हेच. दापोडी, कासारवाडीसारख्या ठिकाणी रेल्वेमार्गालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर ते जास्त दिसतात, आणि भोसरीच्या फॅब्रिकेशन शेडजवळ उभ्या असणाऱ्यांवर तर विचारूच नका. ग्राइंडरच्या ठिणग्या थेट टपावर येतात. त्याखेरीज सोसायटीच्या रंगकामाचे उडालेले बारीक थेंब, पावसाळ्यानंतर नव्या रस्त्याचं उडालेलं डांबर, झाडाखालचा चिकट थर.

आधी पिशवीची चाचणी

धुतलेल्या, ओल्या गाडीवर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून अलगद फिरवा. पावाच्या पुड्याची पिशवी उत्तम. प्लास्टिकमुळे बोटांना बारीकसा खडबडीतपणाही मोठा होऊन जाणवतो. हात सरसर सरकला तर क्ले विकत घेऊ नका. हे आम्ही विकणारेच सांगतोय, कारण क्ले वापरताना दर वेळी रंगावर थोडं घर्षण होतंच. कंपनीतून आलेल्या रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाच्या केसाहून पातळ. वर्षातून एकदा, फार तर दोनदा पुरे.

ही माती नव्हे

नावात क्ले असलं तरी शाडूशी याचा काही संबंध नाही. हा कृत्रिम, रबरासारखा ताणला जाणारा गोळा असतो आणि त्यात अतिशय बारीक घासणारे कण मिसळलेले असतात. ही युक्ती मूळची जपानची. गोळा रंगावरून सरकताना वर डोकावणाऱ्या कणाला पकडतो, उपटतो आणि स्वतःत ओढून घेतो. मात्र त्याच्या आणि रंगाच्या मध्ये ओलाव्याचा थर हवाच; तो नसला की गोळा चिकटतो आणि पकडलेले कण रंगावर घासत नेतो.

क्ले मऊ, मध्यम आणि कडक अशी मिळते. पहिल्यांदा वापरणाऱ्याने मऊच घ्यावी. निळी म्हणजे मऊ आणि लाल म्हणजे कडक असं बरेचजण समजतात, पण प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात, तेव्हा वेष्टनावरचा शब्द वाचा. कडक क्लेने रंगावर धुरकट झाक येते, ती घालवायला मशीन पॉलिश करावं लागतं. तो खर्च अंगावर घ्यायची गरज नाही.

सुरुवात

सकाळी लवकर किंवा सावलीत. बॉनेट हाताला गार लागलं पाहिजे; तापलेल्या पत्र्यावर क्ले लिक्विड (क्ले सरकावी म्हणून फवारायचं द्रव) वाळतं आणि मग सगळाच घोटाळा. गाडी शाम्पूने नीट धुवा. मोकळी धूळ राहिली तर तीच क्लेखाली जाऊन रंग खरवडेल. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने आधी काढा, नाहीतर क्ले काळी होऊन लगेच वाया जाते. केशरी टिपके खूप असतील तर आयर्न रिमूव्हर मारा. लोखंडाला लागला की तो जांभळा होऊन ओघळतो, बघायला मजा येते, पण वास सडक्या अंड्यासारखा असतो. तेव्हा मोकळ्या जागेत, हातमोजे घालून, आणि वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुवायचं.

आता १०० ग्रॅमच्या वडीचा निम्मा तुकडा घ्या, उरलेला डबीत बंद ठेवा. कणीक मळतो तसा हाताने मळून पुरीएवढी चपटी चकती करा. थंडीत क्ले दगडासारखी लागते. कोमट पाण्यात दोन मिनिटं ठेवली की मऊ पडते.

एका वेळी दोन फूट बाय दोन फूट, त्याहून मोठा भाग घेऊ नका. त्यावर क्ले लिक्विड सढळ हाताने फवारा, चकतीवरही फवारा. लिक्विड नसेल तर बादलीभर पाण्यात गाडीचा शाम्पू चालेल, पण पुन्हा पुन्हा ओलं करावं लागेल. भांड्यांचा साबण नको.

चकती बोटांच्या पेरांखाली धरा आणि सरळ रेषेत पुढे-मागे फिरवा. गोल गोल नाही. चुकून बारीक रेघ उठलीच तर सरळ रेघ गोल जाळ्यापेक्षा कमी डोळ्यांत येते. जोर लावायचा नाही. सुरुवातीला क्ले अडखळते, खरखर असा आवाजही येतो. पाच-दहा फेऱ्यांत ती आपोआप सरकू लागते, आवाज थांबतो. म्हणजे तेवढा भाग झाला. मायक्रोफायबरने पुसा, पिशवी फिरवून खात्री करा, पुढचा भाग घ्या. क्ले मध्येच चिकटली तर ओढू नका, लिक्विड मारा.

दर भागानंतर चकती उलटून बघा. त्यावर तपकिरी रेघा दिसतील. घाण बाजू आत दुमडून पुन्हा मळा, स्वच्छ बाजू वर आणा. दुमडूनही स्वच्छ बाजू मिळेना की तो तुकडा संपला.

वरून खाली यायचं: टप, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग. दारांचा खालचा पट्टा आणि मागचा बंपर अगदी शेवटी, कारण तिथे सगळ्यात जास्त घाण असते. पुढच्या काचेवरही क्ले चालते, आणि वायपरचा किरकिर आवाज पुष्कळदा त्यानेच बंद होतो. छोट्या गाडीला नवशिक्याचे दीड-दोन तास धरा.

पडली तर फेकून द्या

एकदा जमिनीला लागलेली क्ले धुवून वापरता येत नाही. वाळूचे कण तिच्यात घट्ट बसतात आणि पाण्याने निघत नाहीत. महाग वाटतं, पण पॅनलच्या रंगकामापेक्षा स्वस्तच. म्हणून तर निम्मीच वडी बाहेर काढायला सांगितली.

कुठे वापरू नये

मॅट रंगावर अजिबात नको, डाग पडल्यासारखे चकाकते पट्टे उमटतात. नुकताच नवा रंग दिला असेल तर रंगारी सांगेल तेवढे दिवस थांबा. गाडीवर पीपीएफ (रंगावर चिकटवलेली पारदर्शक संरक्षक फिल्म) किंवा सिरॅमिक कोटिंग असेल तर आधी ते करणाऱ्याला विचारा. क्लिअर कोट नसलेल्या जुन्या गाडीवर क्लेला गाडीचाच रंग लागतो. घाबरू नका, पण हात आणखी हलका ठेवा. काळ्या प्लास्टिकवर आणि रबरावर फिरवू नका.

क्ले ओरखडे काढत नाही, उडालेला रंगही परत आणत नाही. बोअरच्या पाण्याचे ताजे पांढरे डाग थोडे कमी होतील, पण ते किंवा पक्ष्यांची विष्ठा रंगात खोल मुरली असेल तर ते पॉलिशचं काम. गाडी नवी दिसेल असं कुणी सांगून क्ले विकत असेल, तर तो जरा जास्तच बोलतोय.

काम झाल्यावर

क्लेबरोबर आधीचं वॅक्सही निघून जातं, रंग उघडा पडतो. गाडी पुन्हा एकदा धुवून, कोरडी करून त्याच दिवशी वॅक्स किंवा सीलंट लावा. स्वच्छ पृष्ठभागावर ते सारखं पसरतं आणि टिकतंही जास्त.

उरलेली चांगली क्ले थोडं लिक्विड मारून तिच्या डबीत किंवा झिपच्या पिशवीत ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र नको, उन्हाने ती वितळून चिकट होते. आणि पिशवीची चाचणी जमतेय की नाही अशी शंका असेल तर गाडी धुवून दुकानावर आणा. आम्ही हात फिरवून सांगतो, त्याचे पैसे नाहीत.