लोकसेवा प्रसारण : अर्थपुरवठा (नागपूरच्या संदर्भात)

नफा हा हेतू न ठेवता सर्व श्रोत्यांसाठी चालवलेले नभोवाणी व दूरचित्रवाणी प्रसारण. भारतात ही जबाबदारी प्रसार भारती या स्वायत्त महामंडळाच्या आकाशवाणी व दूरदर्शन या दोन अंगांकडे आहे. तिचा खर्च कोणी उचलायचा, याचे ठाम उत्तर एकदाही दिले गेले नाही. जुना मार्ग अपुरा पडला की शेजारी नवा जोडला गेला.

पहिला मार्ग परवाना शुल्काचा, म्हणजे रेडिओ संच बाळगण्यासाठी श्रोत्याने भरायच्या रकमेचा. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीला (१९२७) दहा रुपयांच्या वार्षिक परवान्यातील ८० टक्के वाटा मिळे. परवानेधारक फार थोडे असल्याने कंपनी १९३० मध्ये गुंडाळावी लागली आणि प्रसारण सरकारकडे आले. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले, तेव्हा शहर मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते. श्रोत्याने दरवर्षी पोस्टात जाऊन परवान्याचे पुस्तक पुढे करायचे, पैसे भरायचे आणि नूतनीकरणाचा शिक्का घ्यायचा, अशी रीत होती. ही रक्कम थेट आकाशवाणीला न मिळता सरकारी तिजोरीत जाई. परवाने रद्द झाल्याचे वर्ष कोठे १९८४, तर कोठे १९८५ दिले जाते. लहान संचांना आधीच सूट मिळाली होती, हे पाहता १९८५ हे अखेरच्या टप्प्याचे वर्ष मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

जाहिरातींच्या आरंभाबाबतही नोंदी एकसारख्या नाहीत. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली, ती जाहिरातींविना. पुढे प्रसारणाचा आढावा घेण्यासाठी सरकारने नेमलेल्या अशोक चंदा समितीने (अहवाल १९६६) व्यापारी प्रसारणाला अनुकूलता दाखवली आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून प्रायोगिक सेवा सुरू झाली. अनेक लेखनांत तिचे ठिकाण केवळ ‘मुंबई’ असे सांगितले जाते; तपशीलवार वृत्तांतांत मात्र मुंबई-पुणे-नागपूर अशी एकत्रित वाहिनी येते. दुसरे मत ग्राह्य धरावे. मुंबईत कार्यक्रम आखले जात आणि जाहिरातदारांची कार्यालयेही तेथेच असत, म्हणून पहिले वर्णन रूढ झाले असावे. नागपूरची निवड कशी झाली, याचे एक संभाव्य स्पष्टीकरण असे, की एका राज्यातील परस्परांपासून दूर असलेल्या बाजारपेठांत एकच जाहिरात ऐकवून पाहता येत होती. प्रयोग यशस्वी ठरल्यावर ही सेवा अन्य शहरांत गेली. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ पासून आल्या.

प्रसार भारती अधिनियम १९९० चा. तो अमलात आला सप्टेंबर १९९७ मध्ये. महामंडळाला स्वतःचा निधी मिळाला, तरी केंद्र सरकारचे अनुदान सुटले नाही. कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा मोठा भार २०१२ नंतर केंद्रानेच उचलला. प्रसार भारतीच्या कामाचा आढावा घेणाऱ्या सॅम पित्रोदा समितीने (२०१४) खऱ्या स्वायत्ततेचा आणि मालमत्ता व संग्रहातून उत्पन्न उभारण्याचा आग्रह धरला. स्वायत्तता कायद्यात आणि पगार मंत्रालयाच्या अनुदानातून, ही विसंगती त्यामुळे मिटली असे म्हणता येत नाही.

काटकसरीचे स्वरूप आकाशवाणीच्या केंद्रांवर अधिक स्पष्ट दिसते. नियमित भरती दीर्घकाळ थांबल्याने माइकसमोर बहुधा नैमित्तिक उद्घोषक असतात. त्यांना महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्युट्या देण्याचा दंडक आहे. रात्री देशभर ऐकू जाणाऱ्या राष्ट्रीय वाहिनीसाठी (१९८८) नागपूरचा एक हजार किलोवॉटचा मध्यम लहरी प्रक्षेपक वापरला जाई. देशाच्या मध्यावरून तो चहूकडे पोहोचे, पण विजेचे बिलही तेवढेच मोठे. ही वाहिनी बंद करण्याचा निर्णय २०१८ च्या अखेरीस झाला, तेव्हा खर्चकपात हे कारण पुढे करण्यात आले.

पुढील धोरणाचा भर वितरणावर आहे. ‘बिंड’ (प्रसारण पायाभूत सुविधा व जाळे विकास) या केंद्र सरकारच्या योजनेत २,५३९.६१ कोटी रुपयांची तरतूद (२०२३) प्रक्षेपण व स्टुडिओ यंत्रणेच्या आधुनिकीकरणासाठी झाली. मासिक शुल्क नसलेल्या डीडी फ्री डिश या प्रसार भारतीच्या उपग्रह दूरचित्रवाणी सेवेवरील वाहिन्यांच्या जागांचा लिलाव हा उत्पन्नाचा महत्त्वाचा स्रोत आहे. तेथे मोबदला देणाऱ्या मुख्यतः खासगी वाहिन्याच आहेत. ‘वेव्हज’ हा प्रसार भारतीचा ओटीटी (इंटरनेटवरून कार्यक्रम दाखवणारा) मंच नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. प्रादेशिक बातम्या, शेतीविषयक कार्यक्रम आणि वैदर्भीय बोलीतील श्राव्य साहित्य यांना जाहिरातदार क्वचितच मिळतो. त्यांच्यासाठी स्वतंत्र, राखीव निधीची तरतूद या योजनांत ठळकपणे आढळत नाही.