धामण ही नागाची मादी नव्हे

गावोगावी अजूनही ऐकू येतं: धामण म्हणजे नागाची मादी. हे खरं नाही. दोन्ही वेगळ्या जाती, आणि दोन्हींत नर-मादी असतात. उलट नाग संधी मिळाली तर धामणीलाच गिळतो!

बांधावर एकमेकांना पीळ घालून उभे राहिलेले साप दिसले की 'जुगतायत' म्हणत लोक त्यांच्यावर कापड टाकायला धावतात. धामणींच्या बाबतीत ती बहुधा दोन नरांची झुंज असते. लांबूनच बघा.

धामण बिनविषारी, फणा नाही, डोळे मोठे, ओठांच्या खवल्यांवर काळ्या उभ्या रेघा. पण नागही दरवेळी फणा काढत नाही. म्हणून ओळख पटली तरी हात लावू नका, सर्पमित्राला बोलवा.