तिरक्या पाटीचा उतार कुणासाठी? ओट्यावरच्या विजेच्या ग्रिलची पार्श्वभूमी

मुंबईतल्या सँडविचवाल्याच्या पाटीवर 'टोस्ट' आणि 'ग्रिल' असे दोन वेगळे भाव लिहिलेले असतात आणि ग्रिलचा भाव नेहमी जास्त असतो. टोस्ट म्हणजे लांब दांड्याचा, दोन पाकळ्यांचा अॅल्युमिनियमचा साचा. त्यात ब्रेड, हिरवी चटणी, उकडलेला बटाटा, बीट, काकडी दाबून बसवायची आणि साचा निखाऱ्यावर किंवा गॅसवर उलटसुलट करायचा. ग्रिल म्हणजे शेजारच्या दुकानातून वायर ओढून चालवलेलं, वर-खाली खाचांच्या जाड पाट्या असलेलं यंत्र. बहुतेक मुंबईकरांची या यंत्राशी पहिली ओळख फुटपाथवरच झाली. घरच्या ओट्यावर आलेलं ग्रिल हे त्याचंच धाकटं भावंड.

मात्र त्याच्या खोक्यावरचा 'हेल्दी' हा शिक्का सँडविचवाल्याकडून आलेला नाही. तो ब्रेडच्या आतून लोणी लावतो, बाहेरून लावतो आणि वर चीज किसतो. शिक्का आला अमेरिकेतून, तोही चरबीदार बीफच्या टिकियांमुळे. हे माहीत नसताना यंत्र घेतलं, की सुरमई कोरडी पडते, पनीर रबरासारखं होतं आणि पुस्तिकेत लिहिलंय तसंच सगळं करूनही बिघडलं कुठे हे कळत नाही.

विजेपासून सुरुवात करू. बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजे पुढची बेस्ट, १९०५ सालची. ७ मे १९०७ ला शहरात विजेवरची पहिली ट्राम धावली. याच सुमारास, १९०६ मध्ये, अल्बर्ट मार्श या अमेरिकन धातुतज्ज्ञाला निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट मिळालं. साधारण ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम असलेली नायक्रोमची तार लालबुंद झाली तरी लवकर जळून तुटत नाही. टोस्टर, इस्त्री, गीझर, ग्रिल, सगळ्यांचं मूळ या तारेत आहे. वीज आली म्हणून स्वयंपाक विजेवर होत नाही. तापून टिकणारी तार लागते.

मुंबईच्या स्वयंपाकघरात मात्र वीज दिव्याला आणि पंख्याला आली, चुलीपर्यंत यायला तिला फार उशीर लागला. चाळीत कोळशाची शेगडी होती, मग रॉकेलचा स्टो आला. काही भागांत बॉम्बे गॅस कंपनीचा नळातून येणारा गॅस होता. १९५५ मध्ये बर्मा शेलने 'बर्शेन' नावाने सिलिंडरचा गॅस मुंबईत आणला. १९९५ मध्ये महानगर गॅस स्थापन झाली आणि पाइपचा गॅस इमारतींत पसरू लागला. मधल्या काळात मातीच्या चकतीत तारेचं वेटोळं बसवलेली विजेची शेगडी असायची, पण ती प्रामुख्याने खोली घेऊन राहणाऱ्यांची आणि घरमालकापासून लपवायची वस्तू.

शेगडी गेली तेव्हा एक चव गेली. वांगं, कणीस, पापड, सुका बांगडा, वाटणासाठी कांदा-खोबरं, हे सगळं निखाऱ्यावर भाजलं जायचं. गॅसवर जाळी ठेवून वांगं भाजता येतं, पण मासा भाजायला ठेवला की रस बर्नरमध्ये गळतो आणि वास जिन्यापर्यंत जातो. म्हणून मासा तव्यावर गेला आणि तव्याबरोबर तेल आलं. आज 'मासे म्हणजे तळलेलेच' असं आपण धरून चालतो, त्यात या बदलाचा वाटा मोठा आहे.

विजेच्या ग्रिलसाठी आणखी एक गोष्ट जमून यावी लागली. ६ एप्रिल १९३८ ला ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांना टेफ्लॉन अपघाताने सापडलं. १९५४ मध्ये फ्रान्सच्या मार्क ग्रेगवार यांनी ते अॅल्युमिनियमवर चिकटवण्याची रीत काढली आणि दोन वर्षांनी टेफाल कंपनी उभी राहिली. न चिकटणारी पाटी नसती तर दोन्ही बाजूंनी दाबून भाजणारं यंत्र घरात टिकलंच नसतं. वरची पाटी उचलताना मासा दोन भागांत निघाला असता. १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ब्रेव्हिलने घरगुती सँडविच टोस्टर बाजारात आणला. लग्नात आहेर म्हणून येणारा, त्रिकोणी खळग्यांचा सँडविच मेकर त्याच घराण्यातला.

मग १९९४. मायकल बोहम या अमेरिकन संशोधकाने दोन पाट्यांचं ग्रिल पुढच्या बाजूला उतरतं केलं, म्हणजे चरबी वितळून खालच्या तबकात गळेल. सॅल्टन कंपनीने त्याला नाव दिलं मुष्टियोद्धा जॉर्ज फोरमनचं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फोरमन ४५ व्या वर्षी पुन्हा हेवीवेट जगज्जेता झाला. याहून मोठी जाहिरात विकत मिळत नाही. १९९९ मध्ये नावाच्या हक्कांसाठी कंपनीने त्याला १३ कोटी ७५ लाख डॉलर मोजले. पुढे जगभरात १० कोटींहून अधिक ग्रिल विकली गेली. 'आरोग्यदायी' हा शब्द या यंत्राला कायमचा चिकटला तो इथे आणि तिथे तो खराही होता. टिकियेत चरबी भरपूर असते, ती तबकात साठलेली डोळ्यांना दिसते.

आता तीच तिरकी पाटी दादरच्या ओट्यावर ठेवा. वर काय येणार? पनीर, वांगं, सुरमई, कोळंबी, कोंबडीची छाती. यातून गळायला चरबी आहेच कुठे? तबकात जे उतरतं ते पाणी, मसाला आणि माशाचा रस. म्हणजे गळून फायदा होत नाही, उलट तोटाच होतो. आपल्याकडे ग्रिलचा फायदा दुसरीकडून येतो: तेल मुळात घालावंच लागत नाही. तव्यावर चार तुकड्या तळायला तीन मोठे चमचे तेल जातं. एका मोठ्या चमच्याचे साधारण १२० कॅलरी धरा. सगळं पोटात जात नाही, पण बरंच जातं. ग्रिलवर त्याच चार तुकड्यांना ब्रशने एक छोटा चमचा पुरतो, म्हणजे ४०-४५ कॅलरी. मिठात मात्र काहीच वाचत नाही, हे 'ग्रिल्ड' शब्दाच्या भरात विसरायला होतं.

उतार खऱ्या अर्थाने कामाला येतो तो मटणाच्या खिम्यात. अर्धा किलो खिमा, दोन चमचे भाजलेली चणाडाळ पूड, आलं-लसूण, मिरची, कोथिंबीर. दीड सेंटिमीटर जाडीच्या टिक्क्या. झाकण लावून ७ ते ८ मिनिटं. तबकात काय साठलं ते पाहिलं, की बोहमला काय सुचलं होतं ते समजतं.

धुराचंही असंच. चरबी निखाऱ्यावर पडली की जो धूर उठतो, त्यात कर्करोगाशी संबंध जोडला गेलेली पॉलिसायक्लिक अरोमॅटिक हायड्रोकार्बन्स असतात आणि ती वर जाऊन मांसावरच बसतात. विजेच्या ग्रिलमध्ये आच खाली उघडी नसते, म्हणून हा भाग बराच टळतो. मात्र मांस फार तापून काळं पडलं की दुसऱ्या जातीची घातक संयुगं तयार होतात आणि ती विजेवरही होतात. काळा झालेला कडेचा भाग काढून टाकायचा. दही, लिंबू, लसूण, हळद लावून मुरवलेल्या मांसात ही संयुगं कमी होतात. स्टार्चचं वेगळं: बटाटा, ब्रेड १२० अंशांच्या वर गेले की अॅक्रिलामाइड हे घातक मानलं जाणारं संयुग बनतं, २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी हे जाहीर केलं. टोस्ट सोनेरी झाला की काढावा, तपकिरी होईपर्यंत थांबू नये.

पनीरचं उदाहरण घेऊ, कारण तेच सर्वांत जास्त बिघडतं. २५० ग्रॅम पनीरला तीन मोठे चमचे चक्का, साधं दही नव्हे. पातळ दह्याचं पाणी पाटीवर सुटतं, वाफ होते, मसाला पनीरला सोडून पाटीला धरतो. चक्क्यात एक छोटा चमचा भाजलेलं बेसन, एक छोटा चमचा तेल, आलं-लसूण, तिखट, हळद, मीठ. साखर किंवा मध नको, आधी तेच जळतं. तुकडे दीड सेंटिमीटरचे, सगळे एकाच जाडीचे. एक जाड असला की झाकण त्याच्यावर टेकतं आणि बाकीच्यांना वरून आच लागतच नाही. ग्रिल दिवा विझेपर्यंत किंवा रंग बदलेपर्यंत तापवायचं, साधारण पाच-सहा मिनिटं. मग चार मिनिटं, फार तर पाच. सहाव्या मिनिटाला पनीर आतलं पाणी टाकून आवळायला लागतं.

बोंबील ही खरी परीक्षा. ताज्या बोंबलात जवळपास नव्वद टक्के पाणीच असतं, म्हणून तर आपल्याकडे तो चिरून, मीठ लावून, फडक्यात गुंडाळून पाट्याखाली दाबून ठेवतात. ग्रिलवर करायचा असेल तर हे दाबणं तासभर तरी हवं. मग हळद, तिखट, कोकमाचं आगळ, वरून तांदळाची पिठी आणि बारीक रवा निम्मा-निम्मा. दोन्ही बाजूंना तेलाचा ब्रश. झाकण पूर्ण वेळ लावलं तर वाफ कोंडून रवा ओला राहतो. म्हणून पहिली चार मिनिटं झाकण लावून, पुढची तीन उघडं ठेवून, मध्ये एकदा उलटून. झाकणाचं वजन बोंबलाला पेलत नाही, तो फाटतो. झाकणाची उंची ठरवायचा खटका नसेल तर मागच्या दोन्ही कोपऱ्यांत कांद्याची जाड चकती ठेवावी, झाकण त्यावर विसावतं. तळलेल्यासारखा कुरकुरीत होतो का? नाही होत. जवळ जातो.

बांगडा त्यामानाने सरळ. तिरक्या चिरा देऊन सबंध ठेवला तर आठ-नऊ मिनिटं. काट्याजवळचं मांस पांढरं होऊन सुटू लागलं की झाला. तो स्वतःच तेलकट, त्याला वरून तेल लावायची गरज नाही. सुरमईची दोन सेंटिमीटरची तुकडी पाच-सहा मिनिटांत होते. कोंबडीची छाती लाटण्याने ठोकून सारखी करावी. सहा-सात मिनिटं आणि मध्यभाग ७४ अंश. कणीस या यंत्रावर धड भाजत नाही, गोल वस्तूला पाटी दोनच रेघांत टेकते. वांगं उभं अर्धं कापून, चिरलेली बाजू खाली ठेवून १५ ते १८ मिनिटं भाजलं की गर छान मऊ निघतो, पण त्याला धुराचा वास नसतो. भरिताच्या पातेल्यात वाटी ठेवून तिच्यात पेटता कोळसा, वर अर्धा चमचा तूप आणि झाकण दोन-तीन मिनिटं; तेवढी धुंगार पुरते.

त्या कोळशाचं शहराशी नातं सध्या तुटतं आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड आणि कोळशावरच्या भट्ट्यांबाबत आदेश दिले. पाठोपाठ महापालिकेने बेकऱ्या आणि तंदूरवाल्या हॉटेलांना गॅस किंवा विजेकडे वळण्याच्या नोटिसा काढल्या. विजेची पाटी की निखारा, हा वाद त्यामुळे आता निव्वळ चवीचा राहिलेला नाही.

घरात अडचण येते ती प्लगची. आपल्याकडचा साधा सॉकेट ६ अँपिअरचा. २३० व्होल्टला तो १,३८० वॅटपर्यंतच पुरतो. १,५०० वॅटचं ग्रिल साडेसहा अँपिअर ओढतं, २,००० वॅटचं पावणेनऊ. त्याला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट लागतो आणि जुन्या इमारतींच्या स्वयंपाकघरात असा पॉइंट बऱ्याचदा एकच असतो, त्यावर आधीच फ्रिज असतो. मग एक्स्टेन्शन बोर्ड येतो, प्लगची पिन गरम होते, प्लास्टिक पिवळं पडतं. पिन हाताला चटका देत असेल तर दोष बहुधा ग्रिलमध्ये नसतो. वीज फार जात नाही: १,५०० वॅटचं ग्रिल सलग वीस मिनिटं चाललं तरी अर्धं युनिट.

पाटीवर स्प्रेचं तेल मारू नये; त्यातलं लेसिथिन तापून चिकट पिवळा थर धरतं, तो निघता निघत नाही आणि लोक कोटिंगला दोष देतात. धातूचा उलथना नको. रिकामं ग्रिल विसरून तापत ठेवू नये, २६० अंशांच्या वर टेफ्लॉन बिघडायला लागतं. काम झालं की प्लग काढायचा, पाटी कोमट असतानाच ओलं फडकं घडी करून मध्ये ठेवायचं आणि झाकण दहा मिनिटं मिटायचं. चिकटलेला मसाला वाफेने सुटतो. पाट्या सुट्या निघत नसतील तर यंत्र नळाखाली धरायचं नाही.

मुंबईत पावसाळ्यानंतर हमखास येणारी तक्रार म्हणजे 'ग्रिल लावलं की सगळ्या घराची वीज जाते'. नळीसारख्या हीटरच्या आत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते. ती दमट हवेतलं पाणी शोषते. जून ते सप्टेंबर कपाटात पडून राहिलं की थोडा करंट बॉडीकडे गळतो आणि बोर्डातला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा खटका) खाली पडतो, म्हणजे तो आपलं काम चोख करतो. तो काढून टाकून किंवा अर्थिंगची तार तोडून ग्रिल चालवू नये. यंत्र दोन दिवस कोरड्या उन्हात ठेवावं. तरीही आरसीसीबी पडत असेल तर मेकॅनिककडून इन्सुलेशन तपासून घ्यावं. पुढच्या पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटं तापवलं, तर भुकटी कोरडी राहते.